गरगर डोक्यात, सोनोग्राफी मानेची!

रविवारची रात्र संपून सोमवार लागला होता, पण उजाडलं नव्हतं. साडेचार वाजले असतील. झोपेतच मी उजव्या कुशीवर वळलो आणि खोलीनं गिरकी घेतली. अक्षरशः! पंखा, कपाट, पडद्यातून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड, सगळं एकाच दिशेनं सुटलेलं. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात जो गोळा येतो ना, तो आला. गादीची कड घट्ट धरून पडून राहिलो. पंधरा-वीस सेकंदांत सगळं आपापल्या जागेवर येऊन थांबलं. अंगाला घाम, तोंडाला पाणी. हळूच डाव्या कुशीवर आलो, काही नाही. पुन्हा उजवीकडे वळून बघितलं (आम्ही सॉफ्टवेअरवाले, बग पुन्हा दिसल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही). पुन्हा गिरकी!

ही २०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हा माझं वय बत्तीस. हिंजवडीत नोकरी, कोथरूडला आई-बाबांसोबत घर, दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर आणि उरलेले दोन चांदणी चौकाच्या आसपास. आजारपण म्हणजे अॅसिडिटी, एवढीच माझी तोवरची कमाई.

सकाळी चहाच्या टेबलावर सांगितलं, तर निदान तयारच होती. आई म्हणाली, "पित्त झालंय. रात्री साडेअकराला ते चीजचं काहीतरी खाल्लंस ना, त्याचं." आत्याचा फोन आला. ती ठामपणे म्हणाली, "अरे, मानेचा मणका. आमच्या ह्यांना अस्संच व्हायचं. पट्टा लाव, आठ दिवसांत बरं वाटेल." ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमधून बी-ट्वेल्व्ह सुचवण्यात आलं. फक्त बाबा काही बोलले नाहीत. ते खुर्चीतून माझ्याकडे बघत राहिले आणि मग अडखळत एकच प्रश्न विचारला, "चालताना... तोल जातोय का?"

तो जात नव्हता. पण बाबांनी नेमकं तेच का विचारलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्या प्रश्नानंतर कुणी पित्ताचं नाव काढलं नाही.

पट्टा, एक्स-रे आणि ती चिठ्ठी

आमचे फॅमिली डॉक्टर मला चड्डीत होतो तेव्हापासून ओळखतात. त्यांनी बीपी बघितलं, ठीक. मानेचा एक्स-रे काढायला लावला. रिपोर्ट आला की मानेची नैसर्गिक कमान सरळ झाली आहे. आता मला सांगा, दिवसभर लॅपटॉपवर वाकणाऱ्या किती जणांच्या मानेत कमान शिल्लक असेल? पण मराठी घरात 'चक्कर' आणि 'मानेचा मणका' यांचं लग्न फार जुनं आहे. पट्टा आला, गोळ्या आल्या. मीटिंगमध्ये मी पट्टा लावून बसलो की मॅनेजर डेडलाइन वाढवून द्यायचा, एवढा एक फायदा झाला. गरगर मात्र रोज रात्री ठरल्या वेळी हजर.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल डॉप्लर. म्हणजे काय विचारलं, तर म्हणाले, "मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी रे. मेंदूला रक्तपुरवठा नीट होतोय का, ते एकदा बघून टाकू. घाबरू नकोस."

डॉप्लर! चिठ्ठी खिशात घालताना माझा हात थोडा थरथरला. कारण आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा आला नव्हता.

२०१९ च्या मार्चमध्ये एका सकाळी बाबा उठले आणि पुन्हा पलंगावर कोसळले. खोली फिरतेय म्हणाले. उलट्या थांबेनात. बसवलं की डावीकडे कलायचे. एका ओळखीच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं आणि 'वयामुळे' मानेचं डॉप्लर केलं. रिपोर्ट एकदम नॉर्मल. "चारही रक्तवाहिन्या छान वाहताहेत, काळजीचं कारण नाही, कानाचं असेल," असं सांगून संध्याकाळी घरी पाठवलं. आम्ही इतके खूश, की येताना पेढे घेतले. त्या रात्री बाबांची जीभ जड झाली. दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय झाला, तेव्हा लहान मेंदूच्या डाव्या भागात स्ट्रोक झाल्याचं कळलं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे तोवर तीस तास होऊन गेले होते.

बाबा वाचले. आज काठी घेऊन चालतात, जिना चढताना कठड्याला धरतात, बोलताना एखादा शब्द घसरतो. पुढे हॉल्टर लावल्यावर हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं सापडलं. रक्ताची गुठळी हृदयात तयार झाली होती. मानेतले रस्ते खरोखरच स्वच्छ होते. त्या स्वच्छ रस्त्यानंच ती वर गेली आणि कवटीच्या आतल्या एका फांदीत अडकली. मानेवर प्रोब फिरवून ती फांदी दिसत नाही.

तर अशा घरातला मी, हातात तीच चिठ्ठी घेऊन सोनोग्राफी सेंटरला निघालो.

ट्रेनचा भोंगा आणि घाटातले बोगदे

दारावर नेहमीचा फलक होता, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. रांगेत सहा गरोदर बायका, त्यांच्या सासवा, आणि मध्ये मानेला पट्टा बांधलेला मी. एका आजींनी सहानुभूतीनं सरकून जागा दिली.

आत गेल्यावर पट्टा काढायला लावला, उशीशिवाय उताणं झोपवलं, हनुवटी वर, मान एका बाजूला. गळ्यावर थंडगार जेल. डॉक्टर मॅडमनी प्रोब टेकवला आणि पडद्यावर माझी मान आडवी पसरली. मी थोडा बोलका पेशंट आहे, त्यामुळे मॅडमही रंगल्या. तिथून आल्यावर थोडं वाचलंही, ते सगळं एकत्रच सांगतो.

प्लॅटफॉर्मवर उभे असताना एक्सप्रेस भोंगा वाजवत येते, तेव्हा आवाज वरच्या पट्टीत असतो आणि ती समोरून पुढे गेली की एकदम खाली उतरतो. हाच डॉप्लरचा फंडा. क्रिस्टियन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये प्रागला तो मांडला, तोही आकाशातल्या जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल. मग १८४५ मध्ये बाइस-बॅलट नावाच्या डच गृहस्थांनी खात्री करून घ्यायला चक्क रेल्वेवर तुतारीवाले बसवले आणि रुळांशेजारी पट्टी ओळखणारे वादक उभे केले! (त्या काळात रिसर्चचं बजेट फार मजेत खर्च होत असावं.) रक्तावर हे तंत्र वापरायला माणसाला आणखी शंभर वर्षं लागली. १९५० च्या दशकात जपानमध्ये ओसाकाला शिगेओ सातोमुरा यांनी अल्ट्रासाउंडच्या मदतीनं हृदयाची हालचाल आणि पुढे रक्ताचा प्रवाह टिपला.

प्रोबमधून आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत जातो, धावणाऱ्या लाल पेशींवर आपटून परत येतो. पेशी प्रोबकडे येत असतील तर पट्टी चढते, लांब जात असतील तर उतरते. पट्टीतला हा फरक योगायोगानं आपल्या कानाला ऐकू येईल एवढाच असतो. म्हणून मशीनमधून 'हूश... हूश...' येतं. स्वतःच्या मेंदूकडे निघालेलं रक्त ऐकणं ही गंमतच आहे, पट्टा नसता तर मी रेकॉर्डही केलं असतं. पडद्यावरच्या लाल-निळ्या रंगांना मात्र फसू नका. लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध रक्त, असं शाळेच्या पुस्तकातलं गणित इथे नसतं. मशीनवर ठरवून दिलेलं असतं की प्रोबकडे येणारं एका रंगात दाखव आणि लांब जाणारं दुसऱ्या.

आणि सगळा खेळ कोनाचा. गाडी आपल्याकडे येतही नाही आणि लांबही जात नाही, नुसती डोळ्यांसमोरून आडवी जाते, त्या क्षणी पट्टी बदलतच नाही. तसंच प्रोब रक्तवाहिनीला काटकोनात धरला तर मशीनला वेग कळत नाही. कोन साठ अंशांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे मशीन कितीही महाग असो, रिपोर्ट बराचसा प्रोब धरणाऱ्या हातावर आणि त्या हाताकडे किती वेळ आहे, त्यावर ठरतो. बाहेर रांगेत सहा जणी बसल्या होत्या, तरी मॅडमनी मला पंचवीस मिनिटं दिली.

मानेतून मेंदूकडे चार मोठ्या धमन्या जातात. पुढच्या दोन कॅरोटिड. हनुवटीखाली बोट ठेवलं की उडते ती. या मेंदूच्या मोठ्या, पुढच्या भागाला पोसतात, म्हणजे हातापायांची ताकद, बोलणं, आणि डोळ्याचा पडदाही. मागच्या दोन व्हर्टिब्रल. या बारीक, साधारण तीन-चार मिलीमीटरच्या, आणि मेंदूच्या मागच्या भागाला, लहान मेंदूला, मेंदूच्या देठाला रक्त देतात. तोल सांभाळणारी ऑफिसं बहुतेक इकडेच. आतल्या कानाची बारीक धमनीही याच फांदीवरून निघते. त्यामुळे गरगरीत कुणाला काही शोधायचंच असेल, तर खरा रस मागच्या दोघींत हवा.

पण कॅरोटिड दाखवायला सोपी. मॅडमनी ती लांबच्या लांब उघडून दाखवली, भिंत, फाटा, आत चरबी साठलेली नाही, वेग सेकंदाला ७८ सेंटिमीटर. आतल्या कॅरोटिडचा वेग १२५ च्या वर गेला तर निम्म्याहून जास्त अरुंद झाल्याची शंका घेतात आणि २३० च्या वर गेला तर सत्तर टक्के किंवा जास्त. हे आकडे २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवले आणि २००३ पासून जगभर वापरात आले. नळी अरुंद झाली की पाण्याची चिळकांडी उडते, तसंच.

मग व्हर्टिब्रल. ही बाई मानेच्या मणक्यांना असलेल्या भोकांमधून ओवल्यासारखी वर चढते. हाडातून अल्ट्रासाउंड जात नाही, सावली पडते. म्हणून पडद्यावर ती तुकड्यातुकड्यांत दिसते. सिंहगड एक्सप्रेसनं कर्जतहून लोणावळ्याला येताना डोंगरावरून कुणी गाडी बघत असेल तर त्याला जशी दिसेल, तशी. बोगद्यात गायब, दोन बोगद्यांच्या मधे चार डबे दिसले, पुन्हा गायब. आणि कवटीत शिरली की मानेच्या प्रोबला ती दिसतच नाही. बाबांची गुठळी त्या शेवटच्या बोगद्याच्या पलीकडे होती.

रिपोर्टमधली ती ओळ

दोन तासांनी पाकीट मिळालं. पार्किंगमध्येच फोडलं. कॅरोटिड दोन्ही नॉर्मल. डावी व्हर्टिब्रल ३.९ मिलीमीटर. उजवी २.१ मिलीमीटर, 'हायपोप्लास्टिक'. प्रवाह दोन्हीकडे वरच्या दिशेनं. आणि शेवटी ती सुप्रसिद्ध ओळ, कृपया पेशंटच्या लक्षणांशी पडताळून पाहावे.

शेवटची ओळ कोण वाचतो? मी 'हायपोप्लास्टिक' वाचलं आणि बधिर झालो. उजव्या कुशीवर वळलं की चक्कर, आणि उजवी रक्तवाहिनी बारीक! गणित सुटलं होतं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत गूगल. रात्री दोनला गूगलवर कुणालाही साधा आजार होत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. सकाळपर्यंत मी मनातल्या मनात टर्म इन्शुरन्सची रक्कम वाढवली होती. एका मित्रानं रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं नाव पाठवलं, "माझे सासरे घेतात, काही होत नाही." आईनं विचारलं काय आलंय, तर "नॉर्मल आहे" म्हणालो. तिनं पाकीट मागितलं नाही, पण त्या दिवशी पेढ्यांचाही विषय निघाला नाही.

बाबांनी मात्र पाकीट काढून वाचलं होतं. संध्याकाळी म्हणाले, "माझा रिपोर्ट चांगला होता. तुझा वाईट आहे. तू... माझ्या डॉक्टरांकडे जा."

बारा मिनिटं

बाबांच्या न्यूरोलॉजिस्टनी माझी फाइल टेबलावर उलटी ठेवली. उघडलीच नाही. विचारलं, "गरगर किती वेळ टिकते? मिनिटं की सेकंद?" सेकंद. "बसल्या बसल्या होते की हलल्यावर?" कूस बदलल्यावर, वर मान करून कपाटातलं काही काढताना. "दोन-दोन दिसतं? जीभ जड? गिळताना ठसका? चेहरा बधिर? चालताना एका बाजूला जाता?" नाही, नाही, नाही. "ऐकू कमी येतं? मान दुखतेय अचानक?" नाही.

मग त्यांनी मला तपासणीच्या पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि धरून झटकन मागे निजवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली लोंबतं. दोन-तीन सेकंद काही नाही. मग पृथ्वी सुटली. "डोळे उघडे ठेवा! मिटू नका!" ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते. नंतर कळलं की माझी बुबुळं तेव्हा खालच्या कानाकडे वळत झटके देत होती. ते झटके थांबले आणि गरगरही.

"कान," ते म्हणाले. "उजवा. पट्टा काढून ठेवा."

आपल्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे बारीक कण एका जेलीवर बसलेले असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडले की डोकं हलवल्यावर त्या नळीतलं पाणी ढवळतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. आजाराचं नाव लांबलचक आहे, डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. गरगरीचं हे सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कारणांपैकी एक. रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्ये याचं वर्णन केलं (यांना १९१४ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा ते रशियन कैदेत होते, पण ती वेगळीच फिल्म आहे). निजवून बघायची तपासणी १९५२ पासूनची, डिक्स आणि हॉलपाइक यांची. आणि कण परत जागेवर घालवायची युक्ती अमेरिकेत पोर्टलंडच्या जॉन एपली यांची, १९९२ च्या त्यांच्या पेपरपासून जगभर गेलेली. सुरुवातीला त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांना ती खरी वाटेना. इतकी साधी कशी असेल?

खरंच साधी. डोकं उजवीकडे लोंबतं ठेवलं, मग डावीकडे वळवलं, मग सगळंच अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, मग उठवून बसवलं. प्रत्येक ठिकाणी तीसेक सेकंद. पलंगावर चढून उतरेपर्यंत सगळं मिळून बारा मिनिटं. तोवर माझा पट्टा, एक्स-रे, गोळ्या, रक्ततपासण्या आणि डॉप्लर मिळून खर्च पाच आकड्यांत गेला होता, आणि आमची ऑफिसची पॉलिसी ओपीडीला पैसे देत नाही.

"आणि ती बारीक धमनी?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी फाइल उघडली. "जन्मापासूनची आहे. दोन्ही व्हर्टिब्रल सारख्याच असणारी माणसं कमी. निम्म्याच्या आसपास लोकांत डावी मोठी असते. वर जाऊन दोघी एकच होतात. एका टाकीत दोन नळ सोडलेत, एक अर्ध्या इंची आहे, एक पाऊण इंची. टाकी भरतेय ना? पुढे कधी स्ट्रोकची शंका आली, तर ही माहिती डॉक्टरांना नक्की सांगा, तेव्हा तिला किंमत आहे. पण कूस बदलल्यावर वीस सेकंद गरगर, हे हिचं काम नाही."

मग मी तो प्रश्न विचारला, जो चार वर्षं घरात कुणीच मोठ्यानं विचारला नव्हता. बाबांच्या वेळी कळलं असतं का?

ते थोडा वेळ थांबले. म्हणाले, तास न् तास थांबतच नाही अशा गरगरीत पेशंटचे डोळे तपासायची एक तीन पायऱ्यांची पद्धत आहे. डोकं झटकन वळवल्यावर नजर लक्ष्यावर टिकते का, बुबुळांचे झटके दिशा बदलतात का, एक डोळा आळीपाळीनं झाकला की दुसरा वर-खाली सरकतो का. २००९ मध्ये १०१ पेशंटवरच्या अभ्यासात ही पलंगाशेजारची तपासणी सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही जास्त स्ट्रोक पकडते असं दिसलं, कारण मागच्या मेंदूतला स्ट्रोक पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयलाही कधीकधी चकवतो. अर्थात, ती करणारा शिकलेला हवा. "पण तुमच्या बाबांच्या बाबतीत तेवढंही लागलं नसतं," ते म्हणाले. "बसता येत नव्हतं, एका बाजूला कलत होते. तेवढं पुरेसं होतं. डॉप्लर नॉर्मल आलं म्हणून सगळे कलण्याकडे बघायचे थांबले."

मग हे मशीन कशासाठी?

डॉप्लर कुचकामी आहे, असं मला म्हणायचं नाही. बाबांच्या बेडशेजारी एक काका होते, त्यांच्या डाव्या हाताची शक्ती दहा मिनिटांसाठी गेली आणि परत आली. त्यांची उजवी कॅरोटिड डॉप्लरमध्येच सापडली, जवळजवळ बंद. ऑपरेशन झालं. अशी लक्षणं असतील आणि धमनी सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंद असेल, तर ऑपरेशननं पुढचा मोठा झटका टाळता येतो, हे १९९१ मध्येच अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासानं दाखवलंय. हात लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, शब्द न सापडणं, एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं होऊन जाणं, ही कॅरोटिडची भाषा. नुसती गरगर ही तिची भाषा नव्हे. त्यामुळे चक्कर येते म्हणून कॅरोटिड बघायची आणि ती चांगली निघाली म्हणून निश्चिंत व्हायचं, म्हणजे किल्ली हरवली स्वारगेटला आणि शोधायची शिवाजीनगरला.

गरगरीतही डॉप्लर बाजी मारतं, अशी एक छान केस आहे. काहींच्या हाताकडे जाणारी मोठी धमनी मुळाशी अरुंद होते. मग हात काम करायला लागला की त्याला रक्त कमी पडतं आणि तो ते मेंदूकडून उसनं घेतो, त्या बाजूच्या व्हर्टिब्रलमधलं रक्त चक्क उलटं, खाली वाहायला लागतं! कपडे वाळत घालताना किंवा पंखा पुसताना हात दुखतो आणि डोकं फिरतं. दोन हातांच्या बीपीत चांगलाच फरक सापडतो, आणि डॉप्लरवर प्रवाहाची दिशा उलटी दिसते. या प्रकाराला 'सबक्लेव्हियन स्टील' म्हणतात. हे नाव १९६१ पासूनचं, आणि स्टील म्हणजे पोलाद नव्हे, चोरी. पण गंमत बघा, इथेही पहिला सुगावा दोन्ही हातांचं बीपी मोजल्यावर लागतो. तुमचं बीपी शेवटचं दोन्ही हातांवर कधी मोजलं होतं?

आणि एक गोष्ट आपल्या वयाच्या मंडळींसाठी, कारण इथे मी स्वतः सुधारलोय. सलूनमध्ये चंपीनंतर "साहेब, मान मोडू?" विचारतात ना? पूर्वी मी डोळे मिटून मान पुढे करायचो, तो 'कडाक्' आवाज फार आवडायचा. व्हर्टिब्रल धमनी ज्या भोकांतून जाते, तिथे मान झटक्यानं पिळली तर धमनीचा आतला पापुद्रा फाटू शकतो. तिथे गुठळी धरते आणि मग स्ट्रोक. असं क्वचितच घडतं, पण तरुणांमधल्या स्ट्रोकच्या कारणांत धमनी फाटणं हे महत्त्वाचं कारण आहे. ब्यूटी पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यावर झालेल्या अशा प्रकारांवर अमेरिकेत १९९३ मध्येच लिहिलं गेलं, आणि २०२२ मध्ये हैदराबादच्या एका न्यूरोलॉजिस्टनी पन्नाशीच्या एका बाईंची तशीच केस सोशल मीडियावर मांडली होती. मानेत कधी नव्हे एवढी अचानक कळ आणि सोबत गरगर असेल, तर डॉक्टर बहुतेक वेळा सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीच सांगतात, कारण डॉप्लरला बोगद्यातलं दिसत नाही.

घरात कुणाची गरगर थांबतच नसेल, धरल्याशिवाय उभं राहता येत नसेल, दोन-दोन दिसत असेल, बोलणं किंवा गिळणं बिघडलं असेल, चेहरा किंवा हात बधिर झाला असेल, तर डॉप्लरची अपॉइंटमेंट घेत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे स्ट्रोकची सोय आहे तिथे जा. दाखवताना 'चक्कर येते' एवढंच म्हणून थांबू नका. किती वेळ टिकते, कशानं सुरू होते आणि सोबत काय होतं, हे सांगा. आपण मराठीत डोळ्यांसमोर अंधारी येणं, तोल जाणं, घेरी येणं आणि खोली फिरणं या चारही गोष्टींना सर्रास चक्कर म्हणतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली तर एवढं विचारायला हरकत नाही, "यात काय सापडलं तर तुम्ही उपचार बदलाल?" आमचे फॅमिली डॉक्टर या प्रश्नावर आधी जरा चिडले, मग हसले.

मागच्या दिवाळीत माझे कण पुन्हा सुटले. ते सुटतात, त्याचं काही विशेष नाही. पहाटे कूस बदलली आणि कपाट धावायला लागलं. या वेळी मी पट्टा शोधला नाही. कान तोच आहे ना, हे न्यूरोलॉजिस्टना दाखवून खात्री केली. त्यांनी घरी करायची रीत आधीच शिकवून ठेवली होती. संध्याकाळी पलंगावर आडवा झालो, खांद्याखाली उशी, डोकं उजवीकडे. दारात काठीचा आवाज आला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले, त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं आणि एकेक आकडा जपून उच्चारत मोजायला लागले.

"...अठ्ठावीस... एकोण...तीस... तीस. हं. आता डावीकडे."